चौकटीतली विमल

विमल स्वतःच्या हॉलमध्ये कधी बसत नसे. गुजरातच्या सीमेवरच्या आमलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. पोरं लहान होती तेव्हापासून माझं तिच्याकडे रोजचं जाणं, आणि रोज ती स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला खांदा लावून उभी. एक पाय आत, एक बाहेर. मी म्हणायची, "बस की." ती म्हणायची, "तू बठ वं. मी बरी शे आठेच."

ती धुळ्याकडची. दुकानात गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, माझ्याशी मात्र अहिराणी. मी नाशिककडची, मला सगळं समजायचं. आमचे दोघींचे नवरे एकाच धाग्याच्या कंपनीत होते. आता दोघंही नाहीत.

सासरा होता तोवर तो हॉल सासऱ्याचा होता. मग नवऱ्याचा झाला. तो ड्युटीवरून आला की चार दोस्त घेऊन बसायचा, आणि ही चौकटीतून चहाचे कप पुढे करायची. दोघं गेल्यावर मी तिला विचारलं, "आता कोण आहे तुला उठवायला?"

"कोनी नाही. पन बठीसन काय करू?"

चौकटीचा रंग तिच्या खांद्याजवळ पार उडाला होता. आतलं लाकूड तेलकट आणि गुळगुळीत झालं होतं. नव्या माणसाला वाटायचं, तिथं कोणी गाय बांधत असावं.

हॉल मात्र खरंच वाईट दिसत होता, ते मी तिला तोंडावर सांगायची. छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट आणि वर पोपडे. फाटलेल्या रेक्झिनचा सोफा. भलंमोठं शोकेस, त्यात प्लास्टिकची फुलं आणि पिशवीतून कधी न काढलेल्या बाहुल्या. बंद पडलेला डबा टीव्ही, त्यावर क्रोशाचं आच्छादन. रस्त्याकडच्या भिंतीला बारमाही ओल.

तिचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीला. तो शेवटचा आला तेव्हा नातवाला रात्रभर खोकला झाला. सून वाईट नाही, पण तिनं सकाळी स्पष्ट सांगितलं, "आई, या वासात मुलाला नाही ठेवता येणार." ते दुपारीच गेले. मग दिवाळ्या आल्या, गेल्या. फोनवर प्रशांत म्हणायचा, सुट्टी नाही. विमल फोन ठेवून त्या भिंतीकडे बघत राहायची. एके दिवशी मला म्हणाली, "आपन हॉल बदलू वं. मंग मना पोऱ्या ई."

हॉल बदलला म्हणून मुलगा येईल, यावर माझा विश्वास नव्हता. मी तसं बोलले. ती म्हणाली, "तू नको येऊ मदतीला." म्हणजे ये.

पैसे नव्हतेच, म्हणून माणसं गोळा केली. समोरच्या जसुबेनकडे शिलाई मशीन. मागच्या गल्लीतला रामदास कंपनीच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झालेला. मशिनं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या त्यानं मिळवल्या, आणि चरे पडले म्हणून टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. हल्ली सगळे भिंतीला लावतात तसल्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या. शोकेस बघून तो म्हणाला, "भाभी, ह्याला तिकीट लावा. लोक बघायला येतील."

"अरे रामदासभाई, आ तो भंगार छे," जसुबेन म्हणाली. "विमलबेन, मन घट्ट करो ने काढून टाका."

भंगारवाल्यानं शोकेस उचललं तेव्हा विमल चौकटीतच उभी होती. एक हात तोंडावर. नंतर म्हणाली, "हलकं झालं," आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झालेली होती.

हिरवा रंग आम्ही दोघींनी खरवडला. या वयात. माझे खांदे अजून दुखतात. वर पांढरा चुना दिला. ओलीच्या भिंतीला रामदासनं पट्ट्या ठोकल्या. ओल गेली नाही, झाकली गेली, हे मी तेव्हाच सांगितलं. रामदास म्हणाला, "शांताभाभी, तुम्ही लग्नात सुद्धा नवरीचं वय सांगत असाल." विमल हसली. तिचं हसू मी बऱ्याच काळानं बघितलं.

जसुबेननं कंपनीतल्या नापास कापडाचे पडदे शिवले. फुलांचा रंग एका बाजूला सरकलेला, पण चुणी घातल्यावर कळत नव्हतं. फळ्यांचं बाकडं करायचं ठरलं तेव्हा मी रामदासला सांगितलं, "चौकटीला लागूनच कर. हिला दोन पावलंसुद्धा जड आहेत." त्यानं तसंच केलं. जसुबेननं गादी शिवली. चौकटीतून नुसतं वळलं की बसता येईल, इतकं जवळ. मी म्हटलं, "हे तुझं. आता बस."

"पहले पोऱ्या बठी," ती म्हणाली, "मंग मी बठसू."

मी भांडले तिच्याशी. काही उपयोग झाला नाही. ती रोज त्या बाकड्यावरची धूळ झटकायची आणि शेजारी उभी राहायची. प्रशांत आला की नातवाला दुधनीच्या तलावावर होडीत बसवायचं, असं तिनं पक्कं केलं होतं. रिक्षासुद्धा सांगून ठेवली होती.

मग तिनं प्रशांतला व्हिडिओ कॉल केला आणि हात लांब करून फोन सगळीकडे फिरवला. तो बघतच राहिला. "आई, हे आपलंच घर? फोटो पाठव बरं. नीट, सगळ्या बाजूंनी." जसुबेननं आपल्या दारातल्या कुंड्या आणून ठेवल्या आणि पडद्यांच्या चुण्या सारख्या करून फोटो काढले. त्या दिवशी आम्ही चौघांनी शिरा खाल्ला. विमलनं उभ्यानंच खाल्ला.

पुढच्या रविवारी प्रशांत आला. सून, नातू नव्हते. बरोबर वापीचा एक दलाल होता आणि एक नवरा-बायको. मी पोहे करायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. प्रशांतनं त्या माणसाला खोली दाखवली, पडदे सरकवून उजेड दाखवला. दलाल बाकड्यावर ऐसपैस बसला. पहिला तोच बसला. विमल पोह्यांच्या बश्या हातात घेऊन चौकटीत उभी होती. ती प्रशांतकडे बघत होती, आणि प्रशांत छताकडे.

मला राहवलं नाही. मी पाहुण्यांसमोर म्हटलं, "त्या पट्ट्यांच्या मागे ओल आहे. पावसाळ्यात पाणी झिरपतं."

त्या माणसानं भिंतीवर टिचकी मारली आणि हसून म्हणाला, "वांधो नहीं, मासी. आमाला तर सगळं तोडायचंच छे."

त्याची बायको भली होती. तिनं विमलच्या हातातल्या बश्या घेतल्या. दलालाला खूण करून सरकायला लावलं आणि बाकड्यावर हात ठेवून म्हणाली, "बेसो ने, बा. ऊभा केम छो?"

विमल बसली. काठावर, पदर गुडघ्यात धरून, परक्या घरी बसतात तशी. तिला त्या हॉलमध्ये बसलेली मी तेवढी एकदाच बघितली.

ते गेल्यावर प्रशांत मला समजावत होता. आई एकटी किती दिवस राहणार, हे विकलं की पुण्याला मोठी जागा घेता येईल, आईला स्वतंत्र खोली मिळेल. खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. तो गाडीकडे गेला तशी विमल पुन्हा चौकटीत आली. म्हणाली, "मना पोऱ्या मले लेवाले उना वं."

मी म्हटलं, "तुला न्यायला नाही, घर विकायला आलाय."

"आता दोन्ही एकच शे."

जाताना तिनं दोन पिशव्या नेल्या. पडदे ठेवले, नव्या लोकांना लागतील म्हणून. नव्या लोकांनी पडदे काढले, पट्ट्या उपटल्या. मागे भिंत काळी पडलेली होती. बाकडं बाहेर पावसात पडलं, ते रामदास घेऊन गेला. मग त्यांनी हॉल आणि स्वयंपाकघर एक केलं. मधली भिंत पाडली, चौकट उपटून फळ्यांच्या ढिगावर टाकली. मी जाऊन तिची ती गुळगुळीत बाजू बघून आले. दुसऱ्या दिवशी ढीग उचलला.

विमलचा फोन आला गणपती झाल्यावर. मी खोलीचं विचारलं. "खोली शे ना. नातू अभ्यास करस तठे. त्याले दहावी शे." मग म्हणाली, "जसुबेनना पडदा शेत का अजून?"

मला गोड बोलता येत नाही. मी सांगितलं, "नाहीत. भिंत पाडली. चौकटही काढली."

मागे टीव्हीचा आवाज येत होता. कोणीतरी हसत होतं.

मी विचारलं, "विमल, बसली आहेस ना?"

"तू बठ वं," ती म्हणाली. "मी बरी शे आठेच."