न वाजलेलं मीटर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळत नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीचा. दूरच्या एका अणुवीज प्रकल्पात काही वर्षं कंत्राटावर होतो. आत जाणाऱ्या कामगाराच्या खिशाला डोसिमीटर लावून द्यायचं, तो बाहेर आला की आकडा वहीत लिहायचा — एवढंच काम. काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र. अंगावर किरणं किती पडली ते दाखवतं, मर्यादा आली की किंचाळतं. किरणांना ना रंग, ना वास, ना चटका. माणसाला कळणार कसं? सगळा भरवसा त्या मीटरवर.

एक मीटर माझ्या हातून फरशीवर पडलं. पडलेलं मीटर तपासणीला पाठवायचं, असा नियमच होता. पण मग लेखी द्या, कसं पडलं, कोणी पाडलं... आणि मला आधीच एकदा ताकीद मिळालेली. मी बटण दाबलं. आकडे उमटले. चालतंय की — म्हणून परत रांगेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते कोणाला दिलं? पुरुषोत्तमला. आमच्याच भागातल्या शहापूरचा, माझ्याच ओळखीनं कामाला लागलेला. एका खोलीत राहायचो आम्ही. मुद्दाम नाही दिलं. पण हातात आलं तेव्हा ओळखलं होतं — कोपऱ्याचा टवका उडालेला. ओळखलं, आणि दिलं.

आत दोघं एकाच व्हॉल्व्हवर होते. जोडीदाराचं मीटर वाजलं, तो निघून आला. पुरुषोत्तमचं वाजलं नाही. तो उरलेलं काम संपवूनच आला. हसत म्हणाला, “माह्यावालं तं वाजलंच नाही बे. बिघडलं तं नाही ना?”

“नाही बे. तू दूर होता ना,” मी म्हणालो.

वहीत लिहिलं — जवळजवळ शून्य. मग ‘बॅटरी खराब’ अशी चिठ्ठी लावून ते मीटर बाजूला केलं. छातीवर किरणं नोंदणारा आणखी एक बिल्ला असायचा, तो प्रयोगशाळेत जायचा; त्याचा निकाल यायच्या आत आमचं कंत्राट संपलं, आम्ही गावाकडे परतलो. पत्र टाकून विचारता आलं असतं. नाही विचारलं. निकालात काय निघेल, या भीतीनं.

तेव्हापासून त्याला साधा ताप आला तरी मला ते मीटर आठवतं. धानाच्या रोवण्यात तो धापा टाकत बांधावर बसला, तर मी दुसरीकडे बघतो.

यंदा तपासणीत त्याचं रक्त फार कमी भरलं. भंडाऱ्याला दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी काय काम करत होता? त्यानं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवला. किरणांचा संपर्क?

“नाही मॅडम. मीटर राहे ना माह्याजवळ. हाच देत होता. इचारा याले.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोही पाहत होता, निवांत. तेव्हा तरी? एक वाक्य होतं. मी मान हलवली. काही नाही म्हणून.

बाईंनी तसंच लिहून घेतलं.

तपासण्या अजून चालू आहेत. तिसऱ्यांदा रक्त नेलंय. त्या कागदावर माझं खोटं तसंच आहे.