मलिद्याला कोण आलं होतं

आमच्या कबरस्तानात आत्या शिरली की आतली मंडळी सावरून बसत असणार, असा मला लहानपणापासून संशय आहे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. फाटकातून आत येताना अजूनही अशी येते, की गृहपाठ न केलेल्यांनी उभं राहावं.

गेल्या थंडीत तिने मला असंच एका शुक्रवारी सकाळी तिथे बोलावलं. मंगळवारी तिचं विमान होतं. इस्रायलला, मुलीकडे, कायमचं. नाशिकमध्ये आता आमची, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंची, घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि आमच्या कुटुंबातला तर मी एकटाच. म्हणून जाण्याआधी तिला आमच्या मेलेल्या माणसांचा ताबा माझ्याकडे द्यायचा होता. ‘ताबा’ हा तिचाच शब्द.

‘‘कोण कुठे आहे ते नीट ऐकून घे,’’ ती म्हणाली. ‘‘आणि एक सांगते. मीठ-मसाला लावायचा नाही.’’

हे मला सांगणं म्हणजे गंगेला घाटाशी थांब म्हणून सांगण्यासारखं. मी दिवसा बँकेत काम करतो आणि संध्याकाळी नाटकात. चार माणसं जमली की माझ्या तोंडाला आपोआप पडदा वर गेल्याची जाणीव होते.

पूर्वी हे कबरस्तान गावाबाहेर होतं. आता गावच त्याला ओलांडून चारी बाजूंनी पुढे निघून गेलंय. त्या दिवशी धुकं इतकं होतं की भोवतालच्या इमारती दिसत नव्हत्या, फक्त त्यांच्यातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. झाडलोट करणाऱ्या बाई झाडू टेकवून म्हणाल्या, ‘‘आजी, परदेशी चालल्या म्हणं? तिकडं थंडी लय हाय का?’’

‘‘थंडीचं काय नाही हो. तिकडे मला मुलीचं ऐकावं लागणार आहे.’’

आम्ही रांगेने निघालो. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. पुढे कुणी रेल्वेत लागलं, कुणी पलटणीत, कुणी इस्पितळात, आणि अशी ही मंडळी घाट चढून नाशिकला आली. दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी. पावसाने दोन्ही लिप्या सारख्याच झिजवल्या आहेत.

पहिली सुईण. ‘‘अर्ध्या नाशिकरोडने आयुष्यातली पहिली चापट हिच्याच हातची खाल्ली,’’ मी सुरू केलं.

‘‘अर्ध्या कसं? मोजलंस? आपल्या गल्लीतली सगळी बाळं आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांतली काही. एवढंच म्हण.’’

मग इंजिन ड्रायव्हर. त्याचं घर रुळांना लागून होतं. मला ते घर आठवतं, गाडी गेली की फडताळातल्या बश्या आपापसात कुजबुजायच्या. मी म्हटलं, ‘‘हा घरावरून जाताना इंजिनाच्या शिट्टीत आपल्या प्रार्थनेची चाल वाजवायचा.’’

‘‘इंजिनाला एकच सूर असतो. तो दोनदा शिट्टी मारायचा. म्हणजे बायकोने भात टाकायचा. तेवढाच अर्थ.’’

खरं सांगतो, तिचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला होता. पण मी ते कबूल केलं नाही.

तिसऱ्या दगडाखाली शिवणकाम करणारी मावशी होती. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या न काढता सगळ्या गल्लीशी भांडण. शुक्रवारी सूर्य कलला, शब्बाथ लागला की ती मशीनवर चादर टाकायची, मग दारात नवरी रडत उभी असली तरी चालेल. त्या चादरीखालून येणारा तेलाचा वास मला त्या धुक्यात अगदी स्वच्छ आला. मी काही बोललो नाही, तर आत्याने वळून पाहिलं. ‘‘बरं नाही वाटत का तुला?’’

असं करत आम्ही आतोबांपाशी आलो. आत्याचे यजमान. एका सरकारी कचेरीत होते, उंच, सावकाश बोलणारे. त्यांच्या दगडासमोर आत्या उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आता सांग. ह्यांच्याबद्दल तू काय सांगतोस ते मला एकदा माझ्यासमोर सांग.’’

मी ओळखलं. ती मलिद्याच्या गोष्टीबद्दल बोलत होती.

मलिदा म्हणजे आमच्याकडे भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. ताटात त्याचा डोंगर करायचा, भोवती पाच फळं मांडायची आणि एलियाहू पैगंबरांचं नाव घेऊन सगळ्यांनी खायचा. नवस फेडायला करतात, आनंदाला करतात, कुणी दूर निघालं तरी करतात. बाकीच्या महाराष्ट्रात मात्र मलिदा म्हणजे काय, ते रोज वर्तमानपत्रात येतं. अमक्याने मलिदा लाटला, तमक्याने मलिदा खाल्ला.

माझी गोष्ट अशी होती. आतोबा काविळीतून उठले, आत्याने नवस बोललेला होता, म्हणून त्यांनी भर कचेरीत उभं राहून जाहीर केलं, ‘‘रविवारी आमच्याकडे मलिदा आहे. सगळ्यांनी यायचं.’’ हेडक्लार्कने धावत जाऊन दार लावलं. ‘‘अहो, हळू बोला!’’ आणि रविवारी अख्खी कचेरी हजर. हेडक्लार्क मोठी पिशवी घेऊन, एकजण बायकोला घेऊन, एकजण मेहुण्यालाही घेऊन. खुर्च्या पुरेनात. समोर पोह्यांचं ताट आलं तर सगळ्यांचे चेहरे पडले, आणि एकाने आशा न सोडता पोह्यांत बोट खुपसून पाहिलं, आत पाकीट आहे का.

हे बोट मी फार छान करून दाखवतो. लग्नांत, बारशांत, नाटकाच्या तालमीत करून दाखवलं आहे. आतोबांच्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतरही दाखवलं, आणि लोक रडता रडता हसले होते. आज नाशिकमध्ये आतोबांना ओळखणारी जी माणसं उरली आहेत, ती त्यांना याच गोष्टीने ओळखतात.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. बोटही पाहिलं.

‘‘कोणी आलं नव्हतं,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे?’’

‘‘एकही माणूस आलं नव्हतं. त्याच आठवड्यात कचेरीत लाचेच्या चौकशीची माणसं येऊन बसली होती. हे सरळ मनाचे, कोकणातल्या घरातले. ह्यांना मलिदा म्हणजे पोहेच माहीत. सगळे तोंडावर ‘येतो की’ म्हणाले, पण ज्या घरी मलिदा वाटतात त्या घराचा जिना चढताना दिसायचं कोणी? हे सकाळपासून नवीन सदरा घालून बसले होते.’’

‘‘पण आत्या, मी तिथे होतो. नऊ वर्षांचा होतो. मला माणसं आठवतात.’’

‘‘तुला खुर्च्या आठवतात. मांडवाच्या दुकानातून आणलेल्या, लोखंडी, घडीच्या. माणसं तू नंतर बसवलीस.’’

मी डोळे मिटून पाहिलं. पहिल्या मजल्यावरची ती खोली, उन्हाचा पट्टा, खुर्च्यांच्या रांगा. हेडक्लार्क मांडीवर पिशवी घेऊन बसलेला. त्याच्याकडे नीट पाहायला गेलो तर त्याचा चेहरा माझ्या एका जुन्या नाटकातल्या नटाचा निघाला. मेहुणाही तसाच, कुठल्यातरी लग्नातून उचलून आणलेला. एकेक करून सगळे विरघळले. उन्हाचा पट्टा तेवढा खुर्च्यांवर सरकत राहिला.

‘‘हे गेले, तेव्हापासून तू लोकांना हसवतोयस,’’ आत्या म्हणाली. ‘‘मी गप्प बसले, कारण मी इथे होते, मला खरं माहीत होतं. आता मी चालले. मग तुझंच खरं होणार. रविवारी आपण मलिदा करतोय ना? त्यात तू खरं सांगायचं. सगळ्यांसमोर.’’

‘‘पण त्यात सांगण्यासारखं काय आहे? कोणी आलं नाही, संपलं.’’

‘‘संपलं तर संपलं,’’ ती म्हणाली आणि पुढच्या दगडाकडे निघाली.

शनिवारी सूर्य मावळल्यावर मी फोन करून करून लोकांना बोलावलं. प्रत्येकाला आधी सांगितलं, ‘‘मलिदा म्हणजे पोहे बरं का.’’ प्रत्येकजण हसला. सगळ्यांना गोष्ट माहीत होती.

रविवारी आत्याची तीच पहिल्या मजल्यावरची खोली भरली. शेजारी, तिचे जुने विद्यार्थी, ज्यांना आता नातवंडं आहेत, आणि आतोबांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक सद्गृहस्थ, आता मफलर आणि काठी घेऊन आलेले. माझी गोष्ट सुरू झाली की सगळ्यांत आधी हेच हसायचे. मी मोडक्यातोडक्या हिब्रूत एलियाहू पैगंबरांचं गाणं म्हटलं. झाडाच्या फळाचा वेगळा आशीर्वाद, जमिनीवरच्या फळाचा वेगळा, सब्जाची पानं हुंगायचा वेगळा. मग ताटल्या फिरल्या आणि आत्याने माझ्याकडे पाहिलं. ती जुनी नजर. फळ्यापाशी ये.

मी उभा राहिलो. समोर सगळे आधीच हसरे चेहरे करून बसलेले. एका विद्यार्थिनीने शेजारणीला कोपराने ढोसलं, ‘‘आता ते बोट बघ.’’

मी सांगितलं. कावीळ, नवस, कचेरीतलं आमंत्रण. इथपर्यंत ते हसले. मग मी आत्याला आदल्या रात्री विचारून घेतलेलं सांगितलं, की तिने पहाटे उठून पोहे भिजवले. आतोबांनी खुर्च्या स्वतः उचलून जिन्यावरून वर आणल्या. अकरा वाजले, बारा वाजले. दुपारी पोहे कोरडे पडायला लागले तेव्हा आत्याने त्यांच्यावर नारळाचं पाणी शिंपडलं. ऊन उतरल्यावर आतोबा उठले आणि खुर्च्यांच्या घड्या घालायला लागले.

‘‘कोणी आलं नव्हतं,’’ मी म्हटलं आणि खाली बसलो.

इतकी वाईट पडलेली माझी एकही एंट्री मला आठवत नाही. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता तेवढंच.

मग त्या सद्गृहस्थांनी ताटली गुडघ्यावरून काढून खाली ठेवली.

‘‘मी आलो होतो,’’ ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

‘‘गिरणीपर्यंत. त्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती ना, तिथपर्यंत. सायकल हातात धरून उभा राहिलो. बघितलं तर तुमच्या दारात एकही सायकल नाही, एकही चप्पल नाही. म्हटलं, मी एकटाच दिसलो तर माझंच नाव जायचं. मुलं लहान होती. परत फिरलो.’’ त्यांनी काठी जवळ ओढली. ‘‘दुसऱ्या दिवशी तुमच्या यजमानांनी डबा आणला होता. माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, पोट बरं नाही. इतकी वर्षं तुमच्या पुतण्याची गोष्ट ऐकतोय, वहिनी. फार बरं वाटायचं. त्यात मी आलेला असायचो.’’

पुतण्या नव्हे, भाचा. पण त्या क्षणी दुरुस्ती करायचं मलाही सुचलं नाही, आणि आत्यालाही नाही, जी एरवी दशांशचिन्हही सोडत नाही. ती उठून त्यांच्यासमोर आली.

‘‘अंगात काय होतं?’’

‘‘अं?’’

‘‘त्या दिवशी. अंगात काय होतं तुमच्या?’’

त्यांनी मफलर चाचपला, जणू उत्तर त्यात असावं. ‘‘स्वेटर असणार. थंडी होती. एकच होता तेव्हा. हिरवा. घरात विणलेला, बाह्या लांब झालेल्या.’’

आत्या शेजारच्या खुर्चीत बसली. आयुष्यात प्रथमच मी तिच्या डोळ्यांत असं काहीतरी पाहिलं, ज्याला मला नाव देता आलं नाही आणि द्यावंसंही वाटलं नाही.

‘‘मी गॅलरीत उभी होते,’’ ती म्हणाली. ‘‘आत येऊन ह्यांना सांगितलं, अहो, हिरव्या स्वेटरमधला एक माणूस आला होता, गिरणीपासून परत गेला. तर हे म्हणाले, माझं मन राखायला काहीतरी बनवून सांगू नकोस. मी किती सांगितलं. शेवटच्या आजारातही एकदा सांगितलं. हे नुसते हसले आणि माझा हात थोपटला. ह्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, मी बनवून सांगितलं.’’

‘‘वहिनी, माझं चुकलं.’’

‘‘ते नंतर बघू. ताटली का खाली ठेवलीत? खा आधी. आणि जिन्याकडे बघू नका.’’

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. सद्गृहस्थांनी पोह्यांचा घास घेतला. त्यांनी तीनदा मलिदा मागून घेतला. तीनदाच, मी मोजलंय.

सोमवारी सकाळी आत्याने मला पुन्हा कबरस्तानात न्यायला लावलं. धुकं तसंच होतं. झाडलोटवाल्या बाई अजून यायच्या होत्या. आतोबांच्या दगडावर तिने एक खडा ठेवला, मग वाकून बोटाच्या पेराने दगडावर दोनदा ठोकलं, कुणी न्हाणीघरात फार वेळ लावला की ठोकतात तसं.

‘‘ऐकलंत का? हिरवाच होता. बाह्या लांब. विचारून घेतलंय मी.’’

मग थोडं खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘सायकलही होती म्हणतात. सायकल मला दिसली नव्हती, ते खरं.’’