एका जीपच्या लाल चिठ्ठ्या

"मॅडम, लाल रोल संपला."

दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात डबा खात होते. महिनाभर पुरेल म्हणून दिलेला चिठ्ठ्यांचा रोल दुसऱ्याच मंगळवारी संपला होता. हिरवा आणि पिवळा जवळजवळ तसेच.

दवाखान्यांच्या वेटिंग रूमसाठी चेक-इन मशीन डिझाइन करणं हे माझं काम. पेशंट आला की खिडकीपुढं रांग लावायची नाही, एका उभ्या मशीनपुढं जायचं. पडद्यावर माणसाचं चित्र असतं. दुखतंय तिथं बोट लावायचं. मशीन मराठीत दोन-तीन प्रश्न विचारतं आणि नंबराची चिठ्ठी देतं. लाल म्हणजे आधी आत. पिवळी म्हणजे थोडं थांबा. हिरवी म्हणजे निवांत बसा. सासूबाईंना हे सगळं मी हौसेनं समजावलं होतं. त्या म्हणाल्या, "बँकेच्या मशीनमधून पैसे तरी निघतात. तुझ्या मशीनमधून नुसता नंबर?" घरात माझ्या कामाला एवढाच भाव.

हे मशीन आम्ही परळी तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसवलं होतं. दर मंगळवारी तिथं बाहेरून मोठे डॉक्टर यायचे. साहजिकच गर्दी मंगळवारची.

बॉस म्हणाले, "टच पॅनल गंडलं असेल. जा, कॅलिब्रेट करून ये." कॅलिब्रेट म्हणजे बोट गुडघ्यावर लावलं तर मशीनलाही गुडघाच कळतो ना, हे तपासणं. मी सोमवारी दुपारी पोचले आणि चित्रातला गुडघा दाबला, डोकं दाबलं, पोट दाबलं, कंबर दाबली. मशीन अचूक. वॉचमन लांबून बघत होता. एका बाईला एवढे आजार, ही काळजी त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

मंगळवारी सकाळी मी मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले. धर्मापुरीकडून एक जीप आली. दाटीवाटीनं बसलेली माणसं उतरली आणि एकेक करून मशीनपुढं आली. पहिल्यानं चित्रातली छाती दाबली. दुसऱ्यानं छाती. तिसरी गया आजी, काठी टेकत आलेली. तिनंही छाती दाबली आणि लाल चिठ्ठी पदरात बांधली.

"आजी, छातीत कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"छातीत कावून दुखंल? गुडघा हाय माझा."

"मग छाती का दाबली?"

"सलीमनं सांगितलंय. जीपमधल्या समद्यांनी छातीच दाबायची."

सलीमभाई म्हणजे जीपचे ड्रायव्हर. पन्नाशीतला माणूस, खांद्यावर रुमाल. मी थोडी तावातच गेले. त्यांनी आधी चहा सांगितला, मग बोलले.

"ताई, मशीन लई भारी हाय तुमचं. पन ते माणसं अलग अलग करतंय. पैले मी सकाळी येऊन समद्यांचे नंबर लागोपाठ घ्यायचो. दुपारी जीप वापस. आता एकाला लाल, तो धा वाजता मोकळा. आजीला हिरवी, ती चार वाजता. मी काय अर्धी जीप घेऊन जाऊ? समद्यांची लाल आली की नंबर लागोपाठ, समदे संगंच मोकळे."

"पण सलीमभाई, खरंच कुणाच्या छातीत दुखलं तर? सगळेच लाल असले तर तो कळणार कसा?"

"खरं दुखलं तं सिस्टरला तोंडानं सांगू की. मशीनला कावून सांगायचं?"

मी बशीत चहा ओतला. चहा चांगला होता.

मी तिथूनच बॉसना फोन लावला. म्हटलं, मशीन ठीक आहे, आपलंच चुकलंय. आपण माणूस एकटा येतो असं धरलं. इथं जीप येते. 'आम्ही एका गाडीतले' असं एक बटण द्या, म्हणजे किरकोळ आजारवाल्यांचे नंबर लागोपाठ लागतील आणि लाल चिठ्ठी खऱ्या लालला राहील. नाहीतर एखाद्याच्या जिवावर बेतेल.

"अगं, डॅशबोर्ड बघितलास का?" बॉस म्हणाले. डॅशबोर्ड म्हणजे साहेबलोकांना दिसणारे आकडे आणि तक्ते. "हाय-रिस्क पेशंट किती सापडतायत बघ. ट्रस्टवाले खूश आहेत. बटणाचं पुढच्या फेजमध्ये बघू."

"सर, ते हाय-रिस्क नाहीत. ते गुडघे आहेत."

"पुढच्या फेजमध्ये," ते म्हणाले.

मग मी माझ्या अखत्यारीत होतं तेवढं केलं. छाती दाबली की आणखी दोन प्रश्न: घाम येतोय का, श्वास लागतोय का. खूप हुशारी केली असं मला वाटलं. पुढच्याच मंगळवारी सगळ्या जीपला घाम येत होता आणि सगळ्या जीपला श्वास लागत होता. गया आजी म्हणाली, "पडद्यावरची बाई लई चौकशी करती."

सिस्टरांनी लाल चिठ्ठीकडं बघणंच सोडून दिलं. त्या तरी काय करणार? आल्या क्रमानं आत सोडू लागल्या. म्हणजे आम्ही एवढा खटाटोप करून जुनी पद्धतच परत आणली होती, फक्त लाल कागदावर.

नवीन रोल घेऊन मी पुन्हा गेले तो मंगळवार. जीप आली. सगळ्यांच्या मागून सलीमभाई मशीनपुढं उभे राहिले. छाती दाबली. घाम, हो. श्वास, हो. चिठ्ठी आली.

"काय सलीमभाई," सिस्टर म्हणाल्या, "आज डायव्हरचा बी नंबर? जीपमधी कुणी ऱ्हायलं का न्हाई?"

सगळे हसले. मीही हसले.

"आज खरं हाय, सिस्टर," सलीमभाई म्हणाले. पण तेही हसतच म्हणाले.

"हां, समद्यांचंच खरं असतंय."

ते शेवटच्या बाकावर बसले. मध्ये एकदा सिस्टरांनी विचारलं, आधी जाता का? ते म्हणाले, "पॅसिंजर मोकळे होऊ द्या. मी कुठं चाललो." गया आजी आत गेली, तेवढ्यात ते बाकावरून खाली घसरले. डॉक्टर धावत आले. ॲम्ब्युलन्समध्ये घालून अंबाजोगाईला काढलं. सलीमभाई वाटेतच गेले.

जीपची किल्ली त्यांच्याच खिशात गेली होती. माणसं जीपच्या सावलीत बसून राहिली. माझ्याजवळ कंपनीची गाडी होती. म्हटलं, चौघं-चौघं करून सोडते, आजी, तुम्ही आधी चला.

"तुमी जा, बाई," गया आजी म्हणाली. "आमी संगं आलतो, संगं जाऊ."

महिन्याच्या रिपोर्टमध्ये ती केस आली. नाव नव्हतं, नुसता नंबर. छाती, घाम, श्वास, लाल. खाली बॉसनी लिहिलं होतं, हाय-रिस्क पेशंट अचूक ओळखला. त्यात खोटं काहीच नव्हतं. मशीननं खरंच ओळखलं होतं.

बटणही आलं, पुढच्या फेजमध्ये. छान दिसतं. त्यावर एक छोटी जीप काढली आहे. काढली मीच.

आता नवीन वेटिंग रूमचं काम आलं की मी पहिल्या मीटिंगमध्ये एकच विचारते, ही माणसं घरी परत कशानं जाणार?

समोरचे एकमेकांकडं बघतात. मग कुणीतरी समजुतीनं सांगतं, "मॅडम, तो ट्रान्सपोर्टचा विषय झाला."