तांबडीच्या हाडातलं कवच

शोभाबाई अमळनेरकडच्या. नवरा छगन सुरतेजवळ पलसाण्याच्या मिलमध्ये कापड रंगवायला लागला, तेव्हा त्या कोसाडला आल्या आणि भूपेंद्रभाईंच्या पोल्ट्रीत अंडी गोळा करू लागल्या. सहा वर्षांत त्यांनी आठशे कोंबड्यांची ती शेड अशी पाठ केली होती, की कुठला पिंजरा गप्प आहे हे त्यांना दारातूनच कळे.

१९९६चा वैशाख फार तापला. कोंबड्या चोची वासून धापा टाकत, दाणा निम्मा सोडून देत. अंडी हातात घेताच चिरू लागली. काही तर कवचाविना, नुसत्या पातळ कातडीत येत. एक तांबडी कोंबडी पायांवर उभीच राहीना.

"मरघी घरडी थई गई, शोभाबेन," भूपेंद्रभाई म्हणाले. "सगळ्या काढून टाकतो."

"आठ दिवस थांबा, भाई. म्हातारी असती तर डोळ्यांत दिसलं असतं."

तांबडीला त्यांनी पिंजऱ्यातून काढून भिंतीशी मोकळं बसवलं. उन्हं कलल्यावर पाहतात तर ती बसल्या जागी मान ताणून चुन्याचा पोपडा टोचून खात होती. समोर दाणा होता, त्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. सकाळी मात्र दाणा खाल्ला, चुन्याला शिवली नाही. संध्याकाळी पुन्हा चुना.

गुरुवारी जनावरांच्या डॉक्टर विशाखाताई आल्या. शोभाबाईंनी पाहिलेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांनी तांबडीचे पाय चाचपले.

"बरोबर पाहिलंत. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं. आपल्या दाण्यातला चुना पिठासारखा बारीक, रात्रीपर्यंत पोटातून निघून जातो. मग ही स्वतःच्या हाडांतला चुना काढून कवचाला देते."

"हाडांतला?"

"हो. म्हणून हिचे पाय गेले."

 आजवर लाखो अंडी या हातांखालून गेली असतील, आणि शोभाबाईंना याचा पत्ताच नव्हता! त्या तांबडीसमोर बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरच्या बोलीत पुटपुटल्या, "माय वं, सोताना हाडे काढी देस तू!"

डॉक्टरांनी जाड शिंपल्यांचे तुकडे द्यायला सांगितलं, ज्वारीएवढे, दुपार उतरल्यावर. ते पोटात रेंगाळतात, रात्रभर हळूहळू विरघळतात.

रविवारी छगनने सायकल इच्छापोरच्या पुढे खाडीपर्यंत दामटली आणि पोतंभर शिंपले आणले. शोभाबाईंनी खारटपणा जाईस्तोवर ते धुतले, वाळवले, वरवंट्याने फोडले. चार वाजता पिंजऱ्यांपुढच्या दाण्याच्या पन्हाळीत टाकताच सगळी शेड टकटक वाजू लागली. आठशे चोची शिंपलेच वेचत होत्या. कुणी शिकवलं होतं त्यांना? 

आठवड्यात चिरलेली अंडी निम्म्यावर आली. महिन्याभरात कवच टणक झालं. कोंबड्या काढायचा विषय भाईंनी पुन्हा काढला नाही, उलट दाणा कालवायचं काम शोभाबाईंकडेच दिलं.

तांबडीला उभं राहायला तीन आठवडे लागले. नंतर एका सकाळी भिंतीशी तिचं अंडं दिसलं. शोभाबाईंनी ते उचललं. गरम होतं, जड होतं. नखाने टिचकी मारली, तर खणकन वाजलं.

"ठेव ना टोपलीत," मिलला जाता जाता शेडमध्ये डोकावलेला छगन म्हणाला.

पण त्या कितीतरी वेळ ते ओंजळीत धरून बसल्या.