हे गाईचं नाही

मी अमरावतीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. युरियाचं सूत्र फळ्यावर लिहिताना तो आपल्या शरीरात तयार होतो आणि लघवीतून बाहेर पडतो, हेही सांगते. मुलं खुदखुदतात. मी डस्टर टेबलावर आपटते आणि म्हणते, "आपल्याच शरीराची कसली रे लाज?" हे वाक्य मी कित्येक वर्षं म्हणत आले आहे. म्हणून पुढचं सांगताना मला जड जातं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर दर्यापूरजवळच्या आमच्या गावी परत गेले आणि तीन एकर वावर स्वतः पाहू लागले. कपाशी, बांधाला तूर, आणि शेततळ्याच्या कडेला वांग्याचा एक तुकडा. एका पावसाळ्यात दर्यापुरात युरिया मिळेना. मिळाला तर गोणीसोबत नको असलेली औषधाची बाटली घ्यावी लागे. बाबांना असली जबरदस्ती कधीच सहन झाली नाही. त्याच सुमारास गावातल्या शेतीच्या एका बैठकीत त्यांनी ऐकलं की माणसाची लघवी बंद कॅनमध्ये काही महिने साठवून, पाण्यात पातळ करून झाडाच्या मुळाशी घातली तर युरियाचं काम करते. त्यांनी ते डायरीत नीट लिहून घेतलं. मोरीत कॅनवर नरसाळं बसवलं. आई आधी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग तीही वेगळी बादली वापरू लागली.

दिवाळीला गेले तेव्हा मला हे कळलं. गोठ्यामागे ओळीनं निळे कॅन होते, झाकणं घट्ट, प्रत्येकावर खडूनं महिना लिहिलेला.

"झाकन उघडं राह्यलं का वास सुटते, अन्‌ त्याच्यातलं खत उडून जाते," बाबा सांगू लागले. "एकाले दहा पानी. पानावर नाई टाकाचं, मुळाशी टाकाचं. वांग्याले तोडाईच्या महिनाभर आधी बंद."

सगळं बरोबर होतं. मी वर्गात सांगितलं असतं तर हेच सांगितलं असतं. पण मी म्हणाले, "बाबा, लोक काय म्हणतील? आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. धम्म घेतला, तुम्हाला शिकवलं. आणि तुम्ही पुन्हा घाण हातात घेता?"

बाबांनी एका कॅनचं झाकण पुन्हा घट्ट केलं. कंडक्टर असताना ते रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालत, नखात मळ दिसला तर आम्हा भावंडांना परत हात धुवायला लावत. ते स्वच्छतेचं वेड कुठून आलं होतं हे मला ठाऊक होतं. आणि मी नेमका तिथेच हात घातला होता.

"तुह्या आज्याले गाव सांगे, म्हनून तो ओढे," ते म्हणाले. "नाई म्हनाची सोय नोती त्याले. मले कोनं सांगतलं? माह्यं हाय, माह्या वावरात टाकतो. याच्यात काहून लाज वाटते तुले?"

 मी विषय बदलला.

डिसेंबरात कॉलेजमधल्या चौघी जणी मागे लागल्या, तुमच्या शेतावर रोडगे खायला येतो. मीच वर्षानुवर्षं बाबांच्या वांग्यांचं कौतुक करत आले होते, त्यामुळे नाही म्हणता येईना. निघायच्या आदल्या दिवशी मी बाबांना फोन केला. "ते कॅन तेवढे झाका." बाबा "हो" म्हणाले. त्यांनी खरंच ताडपत्री टाकली होती. पण वाऱ्यानं तिचं एक टोक उलटलं होतं.

जेवण फार छान झालं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे राख झटकून, तुपात बुडवून सगळ्यांनी खाल्ले. वांग्याची भाजी तर पुरली नाही, आईनं पुन्हा फोडणी घातली. नंतर आमच्या जीवशास्त्राच्या मॅडम हात धुवायला गोठ्याकडे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, एवढे कॅन कसले?"

मी धावतच गेले. "गोमूत्र आहे," मी म्हणाले. कसं सुचलं माहीत नाही. किंवा माहीत आहे. ते म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

मॅडमचा चेहरा खुलला. "अरे वा! नैसर्गिक शेती! गाय कुठंय?"

"चरायला गेलीय."

आमच्याकडे गाय नव्हती. दोन बैल होते आणि आईच्या शेळ्या.

"मग मला एक बाटली दे ना," मॅडम म्हणाल्या. "आमच्या सासूबाई रोज सकाळी चमचाभर घेतात. शहरात शुद्ध मिळत नाही." त्यांनी पाण्याची बाटली झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली आणि माझ्या हातात दिली.

मी ती घेतली. पुढचं लिहायला मी फार वेळ लावला आहे, पण लिहायलाच हवं. मी ती बाटली घेऊन कॅनकडे दोन-चार पावलं चालले. मी काय करणार होते? भरणार होते का? काही निमित्त काढून टाळणार होते का? मनात आठवून पाहिलं तर तिथे काहीच सापडत नाही. पाय चालत होते, एवढंच.

बाबा समोरून आले. त्यांनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली, मॅडमना परत दिली आणि म्हणाले, "मॅडम, हे गाईचं नाई. आमच्या घरी गायच नाई. हे मानसाचं हाय, आमचं दोघाचं. वावरात टाकाले ठेवलं. पेयाचं नाई."

बाकीच्या तिघीही एव्हाना आल्या होत्या. एकीनं पदर नाकाला लावला. मघाशी कुणालाच वास आला नव्हता.

"म्हणजे ती वांगी..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

"महिनाभर आधी बंद केलं होतं वांग्याले," बाबा शांतपणे सांगू लागले. ते पुढेही सांगत राहिले असते, कॅनमध्ये किती महिने ठेवायचं, पाणी किती. त्यांना वाटलं असेल की शिकलेल्या बाया आहेत, समजून घेतील. मी त्यांना मध्येच तोडलं.

"सोडा हो मॅडम. वय झालंय त्यांचं, समजत नाही. मी किती वेळा सांगितलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चुकीचं तिकीट दाखवणाऱ्या माणसाकडे ते असं पाहत असतील, तो स्वतःच खाली उतरेल म्हणून वाट बघत. मग ते बैलांकडे निघून गेले.

निघताना आईनं जुन्या फुलाफुलांच्या चादरीच्या शिवलेल्या पाच थैल्या गाडीत ठेवल्या. वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. नको कुणीच म्हणालं नाही.

गाडीत मी पुढे बसले होते.  मग मागून हळू आवाजात कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या. त्यांच्यात चालतं ते."

त्यांच्यात. मी काचेबाहेर पाहत राहिले. मागे वळून "म्हणजे कुणाच्यात?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. मी विचारलं नाही. उलट मला बाबांचाच राग आला, की त्यांच्यामुळे मला हे ऐकावं लागलं.

वलगावला चहाला थांबलो. गाडीत बसताना चार थैल्या टपरीच्या बाकाशी राहिल्या होत्या. त्या विसरल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या. सगळ्या जणी माझ्याकडे न बघता गाडीत बसल्या. पाचवी थैली माझ्या मांडीवर होती. मी दार उघडलं, खाली उतरले आणि ती त्या चार थैल्यांशेजारी ठेवून आले.

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "वांगे कसे निंगाले?"

"छान होते," मी म्हणाले. "भरीत केलं."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेले तेव्हा गोठ्यामागे कॅन धुऊन उलटे घातले होते. बाबा घरी नव्हते. मी आईला विचारलं, "बंद केलं का?"

"बंद केलं." आई पापड वाळत घालत होती, तिनं वर पाहिलं नाही. "काय म्हनू माय, तुले सांगू का नोको, मलेच समजून नाई राह्यलं."

"सांग ना."

"आपल्या गावची काळी-पिवळी जीप वलगाववरून येते. टपरीवाला वाट पाहून राह्यला होता, कोनाच्या थैल्या हायेत म्हनून. डायवरनं चादर ओयखली. मी शिवलेली. संध्याकायी आनून देल्ल्या. पाचही."

 पाचही. म्हणजे बाबांनी मला वांग्यांचं विचारलं तेव्हा ती वांगी त्यांच्या घरात होती. त्यांनी मला खरं बोलायला एक जागा करून दिली होती, आणि मी भरीत केलं म्हणाले.

बाबा आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, मी खोटं बोलले. थैली मीच ठेवली होती. चुकलं माझं."

"मालूम हाय," ते म्हणाले. टोपी खुंटीला लावली. "चाय घेतला का?"

मला वाटलं होतं ते रागावतील, मग मी रडेन आणि काहीतरी मोकळं होईल. तसं झालं नाही. त्यांनी माझ्या मुलाच्या परीक्षेचं विचारलं.

नंतर आईकडूनच कळलं की पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा सुरू केलं. आता गावातले आणखी दोघे जण त्यांना विचारायला येतात. मॅडमशी माझं बोलणं कामापुरतं आहे. गाडीतल्या त्या वाक्याबद्दल मी अजून कुणाला काही विचारलेलं नाही. आणि बाबा माझ्याशी फोनवर सगळं बोलतात, पाऊस, गुडघा, गावातली लग्नं. वावराचं मात्र सांगत नाहीत. मी विचारलं तर "ठीक हाय" म्हणतात.

गेल्या श्रावणात मी मुद्दाम आठवडाभर गेले. सकाळी बाबा वावरात बादलीत कॅनमधलं पाण्यात कालवत होते. मी पदर खोचला आणि म्हणाले, "द्या, मी टाकते एक ओळ."

त्यांनी हातातला प्लास्टिकचा मग खाली ठेवला. माझ्या साडीकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "चांगली साडी हाय, खराब होईन. तू घरात बस."

मी थोडा वेळ बांधावर उभी राहिले. ते कपाशीच्या ओळीत शिरले, वाकून एकेका झाडाच्या मुळाशी मग रिकामा करत पुढे गेले. मग मी घरात येऊन बसले.