हिरोच्या मागचा पोलीस

मी माझं वैशाखरे गाव सोडलं त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर आबांनी माझ्या पिशवीत पोलीस भरतीचे बूट कोंबले. मी म्हटलं, ‘‘आबा, चेन्नईला गोदामात पार्सलं उचलायला चाललोय. तिथं कोण पळायला सांगणारे?’’ तर म्हणाले, ‘‘असू दे रे. पाय तेच हायत ना?’’ मग कल्याणची एसटी आली, आणि वडील माझे कारण नसताना ड्रायव्हरवर ओरडले. तेवढ्यात डोळे पुसून झाले त्यांचे.

त्या बुटांपायी आमच्या दोघांच्या किती सकाळी गेल्यात! माळशेजच्या रस्त्यावर मी पुढे आणि मागून सायकलवर आबा, गळ्यात शिट्टी. ‘‘पळ! पुढं कोण दिसला नाय पायजे!’’ पोरगा खाकीत बघायचा, एवढं एकच वेड त्या माणसाला. आणि भरतीच्या दिवशी मी उंचीतच बोटभर कमी भरलो. पळायची पाळीच आली नाही. आबा घरी येऊन जे भाताच्या खाचरात शिरले, ते अंधार पडेपर्यंत वर आले नाहीत.

आता चेन्नईत इडली मला भाकरीइतकी जवळची झालीय, आणि ‘अण्णा’ म्हटल्याशिवाय माझी कुणाशी बोलायला सुरुवातच होत नाही. एका रविवारी खोलीतल्या सोबत्यानं मला शूटिंगला नेलं. मारधाडीचा तमिळ पिक्चर. हिरो पोलीस अधिकारी, आणि गुंडाचा माग काढत तो येतो मुंबईला. ती मुंबई त्यांनी चेन्नईतच उभी केलेली! तिथले हवालदार म्हणून मराठी तोंडं हवी होती. मला खाकी चढवली. उंची कुणी विचारलीसुद्धा नाही. त्यांच्याकडे माझ्या मापाचे बूट नव्हते, म्हणून पायात भरतीचेच राहिले.

सीन सोपा होता. गुंड पळणार, हिरो त्याच्या मागे, आम्ही हिरोच्या मागे. ‘अ‍ॅक्शन’ ऐकलं आणि मला काय झालं देव जाणे! कानात आबांची शिट्टी वाजली. हिरोला मागे टाकलं, गुंडाची कॉलर धरली आणि त्याला मातीत लोळवला. बिचारा खरंच घाबरला. डायरेक्टरचा असिस्टंट धावत आला, ‘‘मेदुवा, तंबी, मेदुवा!’’ म्हणजे हळू रे बाबा, हळू. मला वाटलं, झालं, खाकी उतरवा. पण मागून हिरो धापा टाकत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून पोट धरधरून हसला, म्हणून वाचलो. दुसऱ्या वेळी मी त्याच्या मागे राहिलो. शप्पथ सांगतो, जन्मात एवढं अवघड पळणं पळलो नाही.

यंदा तो पिक्चर हिंदीत डब होऊन टीव्हीवर लागला. घरी कळवलं, आणि मग पस्तावलो. खोटी खाकी बघून आबांचं जुनं दुःख वर आलं तर? त्यात पोरगा मागे पडलेला!

सीन संपला आणि फोन वाजला. तिकडे अख्खी आळी कालवा करत होती. आई कुणाला तरी सांगत होती, ‘‘आमचा पोरगा गो, तो काय हिरोच्या मागं!’’ शेवटी आबांनी फोन घेतला. मग म्हणाले, ‘‘खाकी शोभते रे तुला.’’ लगेच त्यांनी आवाज खाली आणला, ‘‘पण तू पाय आखडलास. त्याला मुद्दाम पुढं जाऊ दिलंस ना?’’

गावाबाहेर पडलेल्या मंडळींनो, तुम्हाला कळेल मला काय झालं ते. इथं माझी खोली आहे, गॅस आहे, उधारी देणारा इडलीवाला आहे, आणि मी खुशीत आहे. पण एवढ्या लोकांनी तो पिक्चर पाहिला आणि मी पाय आखडलाय हे एकट्या वैशाखऱ्यात कळलं. माझं घर तेच.

‘‘हो आबा,’’ मी म्हटलं.

‘‘मंग ठीक हाय. दिवाळीला येशील तवा बूट आण. सायकलीत हवा भरून ठेवतो.’’