आत्यांची सुजलेली पावलं

मी देवाला हात जोडते ते सुद्धा सवयीने. बाधा, करणी, बाहेरचं... असलं काही घरात निघालं की मी उठून भांडी घासायला जाते. लातूरकडच्या मास्तरांची मुलगी, बी.एस्सी. झालेली, आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट मापात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट, मधलं काही नाही. तरी हे लिहितेय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

आमचं घर मोशीत, जुन्या गावठाणात. खाली आम्ही, वरच्या खोल्यांत कंपन्यांतली पोरं भाड्याने. सासरचे मूळ इथलेच. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आमचं फारसं पटायचं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? चहा कडक झाला की "काढा उकळलाय का गं?", आणि जरा पातळ झाला की "ह्यात पत्ती घातली का नुसती दावली?" तोंड फार त्यांचं. माझंही काही कमी नाही म्हणा.

मला पहिल्यांदा दिवस होते, सातवा लागला होता. डोहाळजेवणाला कासारीण आली. माझ्या हातात हिरवा चुडा सर्रकन गेला. आत्यांच्या हातात मात्र त्यांच्या नेहमीच्या मापाची बांगडी चढेना. साबण लावला तरी नाही. दोन बांगड्या वाढवल्या... फुटल्या म्हणायचं नाही, असं त्यांनीच सगळ्यांना दटावलं. कासारीण म्हणाली, "आवो, हात कसला फुगलाय! दिवस सुनंला गेल्यात का तुमाला?" बायका खो-खो हसल्या. मीही हसले.

मग पावलं सुजली. इतकी, की जोडवी मांसात रुतली आणि सोनाराकडे जाऊन कापून घ्यावी लागली. नवरा हयात असताना जोडवी कापायची — सासरे दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यानंतर आत्यांचं डोकं धरलं. "डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात," म्हणायच्या. गावातल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, नॉर्मल. रक्त, लघवी, सगळं स्वच्छ. "वय झालं मावशी, मीठ कमी करा," म्हणून त्यांनी घरी पाठवलं.

आणि मी? मी ठणठणीत. पावलं पूर्वीसारखीच, एक शिफ्ट चुकवली नव्हती. शेजारीपाजारी माझंच कौतुक करायचे. मला वाटलं, सुनेचे लाड बघवत नाहीत म्हणून म्हातारीची नाटकं चाललीत. नवऱ्याला, संतोषला, म्हणाले सुद्धा, "तुमच्या आईला माझे डोहाळे लागलेत." तो पोट धरून हसला.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही आवडली नव्हती. आत्या कपाळाला फडकं बांधून पडून असायच्या. एकदा मी पाणी घ्यायला उठले. त्यांचे डोळे मिटलेले, तोंड भिंतीकडे. आणि तशाच म्हणाल्या, "खाली बस, वैशाली. तू हाललीस की माझं डोस्कं फुटतंय." अंगावर सरसरून काटा आला. मग राग आला, आणि मी मुद्दाम दोनदा उठले. दोन्ही वेळा त्या कण्हल्या.

आठवा लागला. माझ्या सुट्टीचा वार होता, दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. संतोष कामावर, सासरे पारावर. स्वयंपाकघरातून आत्यांची किंकाळी आली. धावत गेले तर त्या ओट्याला टेकून बसलेल्या, उजव्या बरगडीखाली हात, चेहरा घामाने थबथबलेला.

"आतनं कुणीतरी पिळतंय गं..."

"थांबा, रिक्षा बोलावते. डॉक्टरांकडे जाऊ."

"त्याच्याकडं न्हाई. तुझ्या डाक्टरीनबाईकडं चल."

"अहो आत्या, त्या बायकांच्या डॉक्टर आहेत!"

"मंग मी काय गडी हाय व्हय?"

जीव चालला होता, पण जीभ जागेवर होती. वाद घालायची ती वेळ नव्हती. शेजाऱ्याला सासऱ्यांकडे पाठवलं आणि आम्ही दोघी भोसरीला माझ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी आत्यांना आडवं करून पोट तपासलं, बीपी पाहिलं. काहीच नाही. वैतागून त्यांनी विचारलं, "असं आधी कधी झालं होतं का?"

"व्हय," आत्या म्हणाल्या. "ह्या संतोषच्या येळंला. आठव्यातच. पाय सुजलं, काजवं दिसलं, बरगडीत दुखलं, आन् मंग झटकं आलं. लोक म्हणली बाधा हाय. अंगारा लावत बसली. मरता मरता वाचले."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.  डॉक्टरबाई त्यांना सोडून माझ्याकडे वळल्या, "तुम्ही बसा इथे. हात पुढे करा."

"मला काही होत नाहीये, मॅडम. माझी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे."

त्यांनी पट्टा बांधला. मोजलं. सोडला, दुसऱ्या हाताला बांधला, पुन्हा मोजलं. नर्सला हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. माझ्या लघवीत भरपूर प्रोटीन निघालं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, अंगात आग आग झाली, आणि लगेच ऑपरेशनची तयारी. मी घाबरले. खोटं नाही सांगत, मरणाला घाबरले, आणि पोटातलं बाळ जाईल म्हणून त्याहून जास्त. आत्यांचा हात सोडवेना. त्या म्हणाल्या, "जा तू. माझं दुखायचं थांबस्तवर मी हितनं हालत न्हाई."

मुलगी झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडली. सासरे तोवर येऊन बाहेर बसले होते, ते सांगतात — आतून रडण्याचा आवाज आला आणि बाकावर आडव्या झालेल्या आत्या उठून बसल्या, चहा मागितला. संध्याकाळपर्यंत त्यांची पावलं उतरली. माझी त्या रात्री सुजली.

नंतर डॉक्टरबाईंनी समजावलं. वार, म्हणजे प्लासेंटा, गर्भाशयात रुजते तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला लागतात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळतं. माझ्या चिंचोळ्याच राहिल्या. अशी उपाशी वार आईच्या रक्तात काही द्रव्यं सोडते, त्यांनी सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मग प्रेशर चढतं, किडनीतून प्रोटीन गळतं, लिव्हरला त्रास होतो, आणि मेंदूपर्यंत गेलं की झटके. नाव प्रीएक्लॅम्पसिया. कधी कधी बाईला काही जाणवतच नाही, तसं माझं झालं.

"पण त्या रुंद का झाल्या नाहीत?" मी विचारलं.

"ते अजून कुणालाच पूर्ण कळलेलं नाही. वारेत निम्मा वाटा बापाचा असतो. ज्याच्या आईला हा त्रास झालाय, त्याच्या बायकोलाही होण्याची शक्यता जरा जास्त, एवढं दिसलंय."

"आणि माझ्या सासूबाईंना आत्ता जे झालं ते?"

त्या म्हणाल्या, काळजीनं होतं असं. कसली काळजी? मी आजारी आहे हे माहीत कुणाला होतं?

आत्यांना एकदा स्पष्टच विचारलं. "मला काय ठावं. आंगाला कळलं आसंल," म्हणाल्या आणि चहाला नावं ठेवली. गेल्या वर्षी त्या गेल्या, झोपेतच. मी किती रडले ते माझं मला माहीत.

आता मला पुन्हा सातवा आहे. डॉक्टरबाईंनी सुरुवातीपासून ते टाळायची गोळी दिलीय, घरी बीपीचं मशीन आणलंय, रोज मोजते. आज सकाळचंही नॉर्मल आहे, मी दोनदा पाहिलं.

आज सकाळी संतोष कामावर निघताना उंबऱ्यात बसून सेफ्टी शूज घालत होता. बूट पायात जाईनात. "मोजा जाड आहे वाटतं," म्हणाला. मी खाली बसले, मोजा काढला आणि त्याच्या पावलावर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेना.

रिक्षा बोलावलीय, येईपर्यंत हे लिहून संपवतेय. हे काय आहे, मला विचारू नका, मला माहीत नाही. संतोष बूट हातात धरून उभा आहे आणि विचारतोय, "अगं, पण दाखवायचं कुणाला... मला, की तुला?"